पालकांसाठी ऑनलाइन थेरपी: नाशिककरांनो, अनुभव सांगा

मृण्मयी_पाथर्डी | ११ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मुलगा पावणेचार वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात ऑटिझमचं निदान झालं. आम्ही पाथर्डी फाट्याला, थेरपी सेंटर गंगापूर रोडला. नवरा अंबडला शिफ्टमध्ये, त्यामुळे फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात घरी गाडीही नसते आणि माणूसही. रिक्षाने न्यायचं तर मुंबई नाक्याच्या हॉर्नने तो कानांवर हात ठेवून रडायला लागतो. सेंटरला पोचेपर्यंत दमून जातो, मग तिथे काही करत नाही. त्यात सिंहस्थाची कामं, अर्धं नाशिक खोदलेलं.

आता सेंटरच्या मॅडमनी सुचवलंय की आठवड्यातून एकदाच प्रत्यक्ष या, बाकीचं ऑनलाइन करू. पण ऑनलाइनमध्ये त्या त्याच्याशी फारसं बोलणार नाहीत, माझ्याशी बोलणार. शिवाय आम्हा दोघांना वेगळं समुपदेशन घ्या म्हणाल्या, तेही व्हिडिओ कॉलवर. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "थेरपी त्याला पाहिजे की आपल्याला?" सासूबाईंचं म्हणणं, फोनवर बोलायचे कसले पैसे घेतात.

मला दोन्ही प्रश्न अगदीच चुकीचे वाटत नाहीत, म्हणून विचारतेय. कुणी केलंय का हे? टू बीएचकेमध्ये हॉलमध्ये मालिका चालू असताना स्वतःच्या मनातलं बोलायचं तरी कुठे बसून? आणि पलीकडचं माणूस खरंच शिकलेलं आहे हे कसं ओळखायचं?

चहा_कमी_साखर | ११ जून, रात्री ११:२६

आमच्याकडेही हेच चालू आहे. मुलगी सहाची, इंदिरानगर. धागा वाचत राहीन.

दोन_पिशव्या | ११ जून, रात्री ११:५२

मृण्मयी, आम्ही हे केलंय आणि अजून करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक चित्र डोक्यातून काढून टाक: मूल लॅपटॉपसमोर बसलंय आणि पलीकडून बाई त्याला 'से बॉल' म्हणताहेत. चार वर्षांचं कुठलंच मूल तसं बसत नाही. आम्ही फोन टीव्हीच्या कपाटावर उभा करतो, लेकीला स्क्रीन दिसणार नाही अशा बेताने. माझ्या एका कानात इअरफोन. आम्ही दोघी खाली चटईवर खेळतो आणि मॅडम कानात सांगतात, "थांबा, तुम्ही मागायच्या आधीच देताय. मनात पाच आकडे मोजा." सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं. परीक्षकासमोर स्वतःच्याच पोरीशी खेळायचं म्हणजे काय!

एकदा पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांनी मला मुद्दाम घट्ट लावायला सांगितलं. लेक ओढत बसली, चिडली, माझा हात आपोआप पुढे गेला, आणि कानात "नको, नको, थांबा" चालू. शेवटी तिने बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. सेंटरमध्ये ती त्या मॅडमशी हे करायचीच. घरी माझ्याशी कधी केलं नव्हतं.

सेंटरमध्ये आठवड्याचे दोन-तीन तास जातात, बाकीचा सगळा वेळ मूल आपल्याकडेच असतं. जेवण, अंघोळ, बूट घालणं यात काय अडतंय ते आपलं घर बघितल्याशिवाय कुणाला सांगता येणार? आमच्याकडे अंघोळीला रोज रडारड व्हायची. मॅडमनी फोन बाथरूमच्या दारापर्यंत न्यायला लावला, तेव्हा कळलं की गीझर चालू असतानाचा घूं आवाज तिला सहन होत नाही. आता पाणी आधी काढून ठेवतो, गीझर बंद करतो, मग तिला आत नेतो.

रामकुंड_पहाटे | १२ जून, सकाळी ५:४०

माझा नातू याच वयाचा आहे, म्हणून विचारतो. राग मानू नये.

डॉक्टर म्हणतात मुलाला मोबाइल दाखवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्येही दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं चांगलं, असं स्पष्ट आहे. आणि आता उपचारच मोबाइलवर. हे कसं काय?

दुसरं असं. आपल्या नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी ही विशेष मुलांची शाळा सुरू केली. त्या स्वतः एका विशेष मुलाची आई होत्या. तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं. अशा शाळांच्या फाटकाशी थांबलेल्या आया एकमेकींशी बोलायच्या, एकीचं ऐकून दुसरी शहाणी व्हायची, धीर यायचा. फोनवर तासाचे पैसे भरून ते मिळतं का, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

दोन_पिशव्या | १२ जून, सकाळी ८:१५

आजोबा, स्क्रीनचं उत्तर वर दिलंय. आमची लेक स्क्रीन बघतच नाही, स्क्रीन तिला बघते. :)

फाटकाचं मात्र तुमचं बरोबर आहे. ते फोनवर मिळत नाही. आमचा पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण तिथे रात्री अकराला कुणीतरी 'ऑटिझम बरा करणाऱ्या' आहाराचा व्हिडिओ टाकतं आणि दोन दिवस भांडण चालतं.

कॉलेजरोड_सीपी | १२ जून, दुपारी ३:३०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच काम करते. स्वतःची जाहिरात करायची नाही, त्यामुळे व्यनि (खाजगी निरोप) करू नका, जे आहे ते इथेच लिहिते.

पालकाच्या कानात बोलून शिकवण्याची पद्धत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. शीला आयबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पालक आणि मूल यांच्यासाठी एक थेरपी बांधली. एका खोलीत आई आणि मूल खेळतात, एकतर्फी काचेपलीकडे थेरपिस्ट बसतो, आईच्या कानात छोटं यंत्र. ती थेरपी प्रामुख्याने हट्टी, आक्रमक वागणाऱ्या लहान मुलांसाठी होती, ऑटिझमसाठी नव्हे. पण त्यातला विचार पुढे अनेक ठिकाणी वापरला गेला, की मुलाला आठवड्यातून तासभर भेटणाऱ्या तज्ज्ञापेक्षा रोजच्या माणसाला तयार करावं. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात मागे पडणाऱ्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांसाठी जो कार्यक्रम केला, त्यातही मुलावर उपचार करायला कुणी येत नाही. पालकांची नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी असतात. त्याचं ऑनलाइन रूपही २०२२ मध्ये आलं.

म्हणून मृण्मयी, तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर: ऑनलाइनमध्ये थेरपी 'आपल्याला'च असते, आणि म्हणूनच ती ऑनलाइन चालते. चार वर्षांच्या मुलाला स्क्रीनवरून थेट शिकवू म्हणणाऱ्यांपासून मी जरा लांबच राहीन.

आता माणूस ओळखायचं. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारातली पदवी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. औषध डॉक्टरच लिहू शकतो, मी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असावी लागते. त्यांना सरळ सीआरआर नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, विचारा. आरसीआयच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद तिथे नसते. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची वेगळी राज्य परिषद आहे, म्हणून ओटीकडे आरसीआय नंबर नाही म्हणून कुणी घाबरू नये. 'काउन्सेलर', 'पेरेंटिंग कोच', 'चाइल्ड माइंड एक्स्पर्ट' ही नावं मात्र कुणीही लावू शकतं. त्यातले काही उत्तम असतात, काहींनी शनिवार-रविवारचा कोर्स केलेला असतो. शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंय, हे विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

काही गोष्टी ऑनलाइन करू नयेत. पहिलं निदान करू नये. बोलणं उशिरा येत असेल तर आधी कानांची तपासणी, म्हणजे बेरा, प्रत्यक्षच करावी लागते. ती न करता 'बघून' ऑटिझम सांगणारे व्हिडिओ कॉलवर भेटतात. घरात कुणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलत असेल, भ्रम होत असतील, किंवा घरात मारहाण असेल, तर पुढच्या मंगळवारच्या कॉलची वाट बघत बसू नका. मारहाणीच्या घरात तर ऑनलाइन सेशनच धोक्याचं ठरू शकतं, कारण दाराआड कोण उभं आहे ते मला दिसत नाही.

आणि लहान मुलाची डॉक्टरांशी टेली-तपासणी असेल तर सोबत मोठं माणूस असावंच लागतं. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत हे सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लिहिलेलं आहे.

कोरडाठाक | १२ जून, दुपारी ४:०५

सगळं छान. पण पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो.

एका मोठ्या अॅपवर बायकोसाठी पॅकेज घेतलं होतं. नाव लिहीत नाही. थेरपिस्ट सारखे बदलत गेले आणि दर वेळी 'तुमचं बालपण कसं होतं' इथून सुरुवात. बायको म्हणाली, माझं बालपण आता मलाच पाठ झालंय. बंद करायला गेलो तर कस्टमर केअरला चॅटबॉट. पॅकेज घेऊ नका, एकेका सेशनचे पैसे द्या. आणि कार्डवरचं ऑटो-डेबिट आधी बंद करा.

बाकी जे काही आहे ते श्रीमंतांचे चोचले आहेत असं माझं मत अजूनही आहे, पण दोन_पिशव्यांचा गीझर वाचून जरा डळमळलं.

निफाडकरीण | १२ जून, रात्री ९:४८

मी लिहू का? आमचा मळा निफाड तालुक्यात, घर वस्तीवर. श्रीमंत नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला काही सुचायचं नाही. बाळ रडायचं आणि मी भिंतीकडे बघत बसायचे. सासरी म्हणायचे, बाळंतिणीला असं होतं, डिंकाचे लाडू खा. माझ्या नणंदेने नाशिकच्या एका मॅडमचा नंबर दिला. एकदा प्रत्यक्ष गेले, डॉक्टरांनी गोळीही लिहून दिली, पुढचं सगळं फोनवर. व्हिडिओ नाही, साधा कॉल. वस्तीवर रेंजच नाही व्हिडिओला.

कुठे बसून बोलायचं हे ताईंनी विचारलंय. मी द्राक्षबागेत जाते. मांडवाखाली दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत शिरलं की घरातून दिसत नाही आणि तिथे रेंज बरी असते. घरी सांगते घड बघायला जाते. मॅडमना ते माहिती आहे, पक्ष्यांचा आवाज आला की म्हणतात, आज बागेत ना. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बाग माणसांनी भरलेली असते, तेव्हा त्यांनीच वेळ बदलून पहाटेची दिली.

शहरात जाऊन बसायचं म्हटलं असतं तर भाडं, दिवसाची मजुरी, बाळ कुणाकडे, आणि 'कुठे चाललीस' याचं उत्तर. एवढं सगळं जमलंच नसतं. मी अजून इथे नसते कदाचित. जास्त लिहीत नाही.

दोन_पिशव्या | १२ जून, रात्री ९:५५

निफाडकरीण, बरं झालं लिहिलंत. बाळ कसंय आता?

निफाडकरीण | १२ जून, रात्री १०:१०

पळतंय. बेदाण्याच्या शेडवर सगळ्यांचं लाडकं आहे.

नोटप्रेसची_लेक | १३ जून, सकाळी १०:२०

आमचं प्रकरण लहान मुलांचं नाही, पण 'फॅमिली' आहे म्हणून लिहिते.

आई नाशिकरोडला, बाबा प्रेसमधून रिटायर. मी पुण्यात, भाऊ ओझरला. आईला बरीच वर्षं डिप्रेशन आहे आणि आमच्या घरात प्रत्येकाला वाटायचं की बाकीचे काही करत नाहीत. मी फोनवर सूचना द्यायचे, भाऊ शनिवारी येऊन चिडून जायचा, बाबा म्हणायचे ती नाटक करते. आईच्या सायकियाट्रिस्टनी सांगितलं, औषध चालू आहे, पण घरच्यांना एकत्र बसवा. बसवायचं कसं? बाबा 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' पायरी चढणार नाहीत हे पक्कं होतं.

व्हिडिओ कॉलवर तीन गावांतले आम्ही एकत्र आलो. बाबा पहिल्या वेळी कॅमेऱ्यात फक्त कपाळ दिसेल असे बसले होते. एक शब्द बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत, कारण स्वतःच्याच घरातून उठून जाणार कुठे! पुढे एकदा थेरपिस्टनी आईला विचारलं की सकाळी सगळ्यात अवघड काय असतं. आई म्हणाली, चहा ठेवणं. गॅसपाशी उभं राहिलं की रडू येतं. बाबा म्हणाले, मला वाटायचं तुला माझ्या चहाचा कंटाळा आलाय. मी पुण्यात म्यूट करून रडले.

आता बाबा चहा ठेवतात. भयंकर होतो.

एक अडचणही सांगते. कॉल संपला की आम्ही आपापल्या घरी, पण आई-बाबा त्याच खोलीत. मनातलं निघालेलं निस्तरायला मधे रस्ता नाही, रिक्षा नाही, काहीच नाही. आमच्या थेरपिस्टनी मग नियम केला: सेशननंतर अर्धा तास त्या विषयावर बोलायचं नाही, बाबांनी जेलरोडला फेरी मारून यायचं.

मृण्मयी_पाथर्डी | १३ जून, रात्री ११:३०

सगळ्यांचे खूप आभार. निफाडकरीण, तुमची पोस्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण मालिकेचा आवाज कमी केला.

एक वेगळा प्रश्न. आमच्या घरी सासूबाई मुलाशी अहिराणी बोलतात, आम्ही दोघं मराठी. आधीच्या एका ठिकाणी सांगितलं होतं की मूल गोंधळतं, सगळ्यांनी फक्त इंग्रजी बोला, शाळा इंग्रजीच असणार. सासूबाई तेव्हापासून त्याच्याशी बोलतच नाहीत, नुसत्या मांडीवर घेऊन बसतात. ऑनलाइन करायचं तर मॅडमही इंग्रजी-हिंदीच वापरणार का?

खान्देशनी_वाट | १४ जून, सकाळी ७:०५

आजीला बोलू द्या हो ताई! अहिराणी बंद करून इंग्रजी? सिडकोतलं निम्मं खान्देश उठून येईल तुमच्या दारात.

कॉलेजरोड_सीपी | १४ जून, दुपारी १:१५

खान्देशनी_वाट यांच्याशी पूर्ण सहमत, फक्त जरा कमी जोरात.

घरात दोन भाषा असल्याने ऑटिझम वाढतो किंवा बोलणं आणखी लांबतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट जे माणूस ज्या भाषेत मोकळेपणी लाड करतं, रागावतं, गाणं म्हणतं, त्याच भाषेत त्याने मुलाशी बोलावं असंच आज सांगितलं जातं. तोडक्या इंग्रजीत आजी फक्त "कम, सिट, ईट" म्हणेल. अहिराणीत ती दिवसभर बोलेल. सासूबाईंना सेशनमध्ये घ्या. फोन त्यांच्यासमोर ठेवा, मांडीवर घेऊन त्या जे करायच्या तेच करू द्या आणि मॅडमना बघू द्या. आज्यांकडे वाट बघण्याचा धीर आई-वडिलांपेक्षा जास्त असतो, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

थेरपिस्टला अहिराणी येणार नाही, चालेल. मराठी मात्र यावी. ऑनलाइनचा एक फायदा हाच, की नाशकात वेळ मिळत नसेल तर ठाणे, पुणे, संभाजीनगर कुठलाही मराठी माणूस चालतो. मात्र अडचणीच्या वेळी प्रत्यक्ष जाता येईल असा एक डॉक्टर नाशकात हवाच.

सेकंड_शिफ्ट | १४ जून, रात्री १२:४०

आत्ता सुटलो. सातपूर. मृण्मयी ताईंच्या मिस्टरांसाठी लिहितोय, त्यांना दाखवा.

साहेब, मी पण हेच म्हणालो होतो, थेरपी कुणाला. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे अतिचंचल, लक्ष टिकत नाही. आठ वर्षांचा. शाळेतून फोन आला की मी त्याला रागवायचो, बायको मला रागवायची, पोरगं आणखी उड्या मारायचं. बायको ऑनलाइन शिकायची आणि मला येऊन सांगायची की असं कर, तसं कर. मला ते घरात दुसरा सुपरवायझर आल्यासारखं व्हायचं. तिच्या मॅडमनी मग मलाच बोलावलं, फक्त मला. मी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतो, शिफ्टच्या आधी.

फार खोलात वगैरे काही नेलं नाही त्यांनी. मुलाला एका वेळी एकच सूचना द्यायची, जवळ जाऊन द्यायची, लांबून ओरडून नाही. केलं की लगेच सांगायचं की हे चांगलं केलंस. ऐकायला बावळट वाटतं. करून बघितलं की कळतं आपण दिवसात किती वेळा लांबून ओरडतो. आणि मी लहानपणी काय काय ऐकलंय ते पण निघालं मधे, ते इथे नाही लिहीत.

बायको म्हणजे निरोप्या नाही. बापाने स्वतः बोलायचं.

चहा_कमी_साखर | १४ जून, रात्री १२:५५

सेकंड_शिफ्ट, शेवटच्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर पाठवलाय.

एक विचारू? हे सगळं ठरलेल्या वेळचं झालं. मला रात्री दोन वाजता होतं जे व्हायचं ते. लेक झोपत नाही, मी किंचाळते, मग स्वतःचीच भीती वाटते. तेव्हा काय करतात लोक?

कॉलेजरोड_सीपी | १५ जून, सकाळी ८:००

तुमची ही पोस्ट काल रात्रीच बघायला हवी होती कुणीतरी. टेली-मानस: १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून. चोवीस तास चालते, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. काही झालंच पाहिजे तरच फोन करायचा असं नाही. "मी मुलीवर ओरडतेय आणि मला भीती वाटतेय" एवढं कारण पुरेसं आहे. पलीकडे समुपदेशक असतो, गरज पडली तर तज्ज्ञाकडे जोडून देतात. दर आठवड्याची थेरपी त्यावर होणार नाही, पण रात्री दोनला जागा असलेला माणूस मिळतो.

किंचाळावंसं वाटलं तर मुलगी सुरक्षित आहे एवढं बघून दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. ती रडली तरी चालेल. आणि सलग किती रात्री झोप नाही, हे तिच्या डॉक्टरांना नक्की सांगा. अशा मुलांच्या झोपेवर काम करता येतं, ते सोसत बसायची गोष्ट नाही. तुमच्या स्वतःच्या झोपेचंही डॉक्टरांशी बोला.

रामकुंड_पहाटे | १५ जून, सकाळी ८:२०

चहा_कमी_साखर, मी पहाटे चारला उठतो. इथे लिहीत जा, कुणीतरी वाचेल.

फाटकाचा मुद्दा मी मागे घेत नाही. पण हा धागा वाचताना वाटलं की फाटक थोडं इकडेही सरकलंय. एक सुचवतो: महिन्यातून एकदा नाशिकच्या पालकांनी कुठेतरी प्रत्यक्ष भेटावं. तज्ज्ञ नको, भाषण नको. मुलांनाही आणा. पाऊस नसेल तर गोदापार्कला.

दोन_पिशव्या | १५ जून, सकाळी ८:४५

आजोबा, मी येते. पण गोदापार्क नको, आमची लेक नदी बघितली की सुटते. कुंपण असलेलं काहीतरी बघू. वेगळा धागा काढते.

कोरडाठाक | १५ जून, सकाळी ११:३०

पैशाचं पुढे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. विमा नियामकाने तर सगळ्या पॉलिसींना ते लागू करायला ३१ ऑक्टोबर २०२२ ही मुदत दिली होती. पण कुणी खुश होऊ नका. बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच्या असतात. ऑनलाइन समुपदेशन ओपीडीत मोडतं, आणि ओपीडी कव्हर वेगळं घेतलं नसेल तर शून्य. कंपनीत नोकरी असेल तर एचआरला विचारा, काही ठिकाणी कर्मचारी आणि घरच्यांसाठी ठरावीक सेशन फुकट असतात आणि कुणाला पत्ताच नसतो. ऑफिसला काय कळतं, काय कळत नाही, ते मात्र आधी लेखी विचारून घ्या.

मृण्मयी_पाथर्डी | १५ जून, रात्री १०:५०

अपडेट. सासूबाई पहिल्या ऑनलाइन सेशनला बसायला तयार आहेत, अट एकच, मॅडमनी त्यांना 'आज्जी' म्हणायचं, 'मॅम' नाही. नवऱ्याने सेकंड_शिफ्टची पोस्ट वाचली, दोनदा. 'बघू' म्हणालाय. त्याच्या तोंडून 'बघू' म्हणजे बरंच आहे.

कोरडाठाक, विम्यात ऑटिझमला काहीच मिळत नाही का? कुणीतरी 'निरामय' म्हणालं होतं, ते काय आहे?

कोरडाठाक | १५ जून, रात्री ११:१५

निरामय ही केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच. वर्षाला एक लाखापर्यंतचं कव्हर, आधी वैद्यकीय तपासणीची भानगड नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरतात. ऑनलाइन सेशनचं बिल चालेल का, ते क्लेमच्या आधी विचारून घ्या.

त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडीच्या (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज भरायचा, मग तपासणीला सिव्हिलला प्रत्यक्ष जायचं. तिथे चाळीस प्रश्नांची आयसा नावाची चाचणी घेतात. मुलाला घेऊन सकाळी लवकर जा, खाऊ आणि कान झाकायला काहीतरी न्या, रांग असते. निदानाचे सगळे कागद झेरॉक्ससकट. आणि निरामयचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, कुणी आठवण करून देत नाही, फोनमध्ये तारीख टाकून ठेवा.